खंडित बीजगणित-पोथीचा एक साक्षीदार

वैनगंगेच्या कांठीं भंडाऱ्यास काय किंवा अन्यत्र काय, संग्राहकास बीजगणिताची जुनी पोथी मिळावी आणि उदाहरणांतील नेमके आंकडेच कसरीनें खाल्लेले निघावे, तर ते भरून कसे काढावे? उत्तर शाबूत असल्यास गणितच साक्ष देतें, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून दाखविण्याचा आमचा उद्देश आहे.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणितां’त (शके १०७२, इ. स. ११५०) वानरांच्या कळपाचें उदाहरण आहे. कळपाचा पंचमांश तिनांनीं उणा करून त्याचा वर्ग केला, तितके वानर गुहेंत गेले. एक फांदीवर दिसला. तर एकूण वानर किती? यांतील ‘त्र्यून’ एवढाच शब्द गेला तर त्या जागीं ‘द्व्यून’हि वृत्तांत बसतो, म्हणजे वृत्तावर भिस्त ठेवतां येत नाहीं. फांदीवरील शेषाचा उल्लेखहि गेला असल्यास अडचण दुणावते. उत्तरांत मात्र ५० व ५ अशीं दोन मूळें आहेत.

कळपास ‘य’, उण्या अंकास ‘अ’ व शेषास ‘क’ म्हणूं. छेद काढून टाकल्यावर मांडणी अशी होते:

य² − (१०अ + २५)य + (२५अ² + २५क) = ०

‘य²’चा गुणक १ असतां मुळांची बेरीज म्हणजे चिन्ह पालटलेला ‘य’चा गुणक, आणि मुळांचा गुणाकार म्हणजे शेवटचें व्यक्त पद. म्हणून १०अ + २५ = ५५, अर्थात् अ = ३. पुढें २२५ + २५क = २५०, अर्थात् क = १. गेलेले दोन्ही अंक परत मिळाले.

आतां ५ हें मूळ आचार्यांनीं अग्राह्य ठरविलें आहे. कारण त्याच्या पंचमांशांतून तीन वजा केले असतां ऋण राशि येते. म्हणून एखाद्या नकलकारानें तें गाळून ५० तेवढे ठेवले, तर ३ व १ यांप्रमाणेंच ४ व १४, किंवा ५ व २५ याहि जोड्या जुळतात. टाकाऊ मानलेलें मूळच येथें निर्णय करतें.

यास्तव नक्कल करतांना असें मूळ गाळूं नये, ही आमची विनंती. भरलेला अंक कंसांत द्यावा. कारण गणित उदाहरणास काय हवें तें सांगतें, नकलकारानें काय लिहिलें होतें तें नव्हे. त्यासाठीं दुसरी प्रत पाहावी, किंवा मूळच्या विदर्भांतील घराण्याच्या कृष्ण दैवज्ञाची ‘बीजपल्लव’ टीका ताडून पाहावी.