गादी, पाठ आणि आम्ही

साठी उलटली की माणसाला दोन गोष्टी न मागता मिळू लागतात; एक मान आणि दुसरा सल्ला. त्यातच पाठ दुखू लागली तर मान मागे पडतो आणि सल्ला तेवढा उरतो. आमचा हा अनुभव गेल्या चैत्रातला. वर्षाचे गहू भरण्याचे दिवस होते. इंदूरच्या जुन्या घरांतून अजूनही या दिवसांत गव्हाची पोती येऊन पडतात. त्यांतले एक पोते कोठीच्या खोलीत सरकविण्याचा पराक्रम आम्ही केला आणि कमरेत अशी उसण भरली की तेथेच भिंत धरून उभे राहिलो. घरच्या मंडळींनी आम्हाला पलंगापर्यंत कसेबसे आणले.

दोन दिवस शेक झाला, लेप झाला. तिसऱ्या दिवसापासून समाचारास येणाऱ्यांची रीघ लागली आणि येणारा प्रत्येकजण आमच्या पाठीकडे न पाहता गादीकडे पाहू लागला. "एवढ्या मऊ गादीवर निजता, मग पाठ दुखणार नाही तर काय होईल? फळीवर निजा!" असा एकमुखी निवाडा झाला. हा सल्ला आमच्या वडिलांच्या पिढीपासून चालत आलेला. त्या काळचे नामांकित डॉक्टरही तो देत असत. तेव्हा आम्ही पंचांचा निर्णय शिरोधार्य मानला. लाकडी फळीवर सतरंजी अंथरली, तीवर एक घोंगडी टाकली आणि तीन आठवडे तपश्चर्या केली. फळ एवढेच मिळाले की पूर्वी फक्त कंबर दुखत असे, आता खांदे आणि खुबेही दुखू लागले. सकाळी उठताना सगळे अंग ठोकून काढल्यासारखे वाटे.

फळी हरली तेव्हा आम्ही बाजार गाठला. एका चकचकीत दुकानात 'ऑर्थोपेडिक' असे ठळक अक्षरांत छापलेली गादी आम्हाला दाखविण्यात आली. हा शब्द गादीवर छापायचा तर कोणा अस्थितज्ज्ञापुढे तिला परीक्षा द्यावी लागत असेल, अशी आमची भाबडी समजूत होती. तो विक्रीचा शब्द आहे, हे पुढे कळले. त्या वेळी मात्र पेन्शनचा मोठा हिस्सा मोजून ती गादी आम्ही घरी आणली. ती फळीचीच सख्खी बहीण निघाली. परत करू गेलो तर वरचे प्लॅस्टिक फाडले आहे, आता माल परत होत नाही, असे उत्तर मिळाले.

अखेर जेथे प्रथम जायला हवे होते तेथे आम्ही शेवटी गेलो. आमचाच एक जुना विद्यार्थी आता अस्थिरोगतज्ज्ञ आहे. त्याने आम्हाला तपासले, पाय उचलून पाहिले, बोटांतले बळ पाहिले आणि मग हसून विचारले, "गुरुजी, फळीवर निजायला कोणी सांगितले?" आम्ही म्हटले, "सगळ्या गावाने." त्यावर त्याने जे सांगितले ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

आपला पाठीचा कणा बाजूने पाहिला तर सरळ काठीसारखा नसतो. मानेशी तो आत वळतो, पाठीशी बाहेर येतो आणि कमरेशी पुन्हा आत वळतो. कमरेच्या भागात पाच मणके असतात आणि मणक्यांच्या मधे पाणी धरून ठेवणाऱ्या लवचीक चकत्या असतात. दिवसभर देहाचा भार पडून या चकत्यांतले पाणी थोडे थोडे बाहेर पडते. रात्री आडवे झालो की त्या ते पुन्हा शोषून घेतात. म्हणूनच सकाळी माणसाची उंची संध्याकाळच्यापेक्षा एखाद्या सेंटिमीटरने अधिक भरते. स्वीडनचे नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या काळात कमरेच्या चकतीत बारीक सुई घालून हा भार प्रत्यक्ष मोजला. उभे असताना तो शंभर मानला तर उताणे पडल्यावर तो पंचवीसच्या आसपास उतरतो आणि आधार न घेता बसल्यावर एकशेचाळीसपर्यंत चढतो. तात्पर्य, रात्र ही पाठीच्या विसाव्याची वेळ आहे आणि गादीचे काम त्या विसाव्यात व्यत्यय न आणण्याचे आहे.

फळीवर निजले म्हणजे देहाचा भार खांदे आणि खुबे यांवरच पडतो. कमरेची कमान अधांतरी राहते आणि तिला सावरून धरण्यासाठी स्नायू रात्रभर राबतात. उलट गादी फार मऊ असली तर जड असलेला खुब्याचा भाग खोल जातो, कणा झोळीसारखा लोंबतो आणि कूस बदलणेही कष्टाचे होते. म्हणजे हवी ती मधली. हे केवळ तर्काने ठरलेले नाही. स्पेनमध्ये कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर याची परीक्षा घेतली; ती २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. निम्म्यांना कडक गाद्या दिल्या, निम्म्यांना मध्यम कडक. कोणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितले नव्हते. नव्वद दिवसांनंतर पाहता बहुतेकांना थोडाफार उतार पडला होताच. पण अंथरुणात पडल्यावरचे दुखणे, उठतानाचे दुखणे आणि दिवसभराची अडचण या तिन्ही बाबतींत मध्यम गादीवाले सरस ठरले.

"आणि विश्रांती किती घेऊ?" आम्ही विचारले. त्याचे उत्तर आम्हाला अधिकच अनपेक्षित होते. फिनलंडमधील हेलसिंकी शहरच्या नोकरवर्गावर झालेली एक परीक्षा १९९५ साली प्रसिद्ध झाली. कंबर धरल्यावर अंथरुणाला खिळून राहणाऱ्यांपेक्षा आणि मुद्दाम व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही, झेपतील तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लोक लवकर बरे झाले. "गुरुजी, गादी चांगली घ्या, पण दिवसा तिच्यावरून उठा," असे सांगून त्याने आम्हाला चालण्याचा आणि काही सोप्या व्यायामांचा कागद लिहून दिला.

मग आम्ही गाद्यांचा अभ्यास आरंभिला. काथ्याची गादी म्हणजे नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून दाबलेली लादी. ती हवेशीर असते, पण बहुधा कडक असते आणि काही वर्षांनी मधे बसते. रबराच्या चिकाची गादी लवचीक आणि टिकाऊ, पण वजनाला आणि किमतीलाही भारी. फोमच्या गादीवर घनतेचा आकडा सांगतात. तो आकडा ती किती टिकेल याचा अंदाज देतो, ती किती कडक आहे याचा नव्हे, आणि दुकानदार बहुधा या दोहोंची गल्लत करतो. 'मेमरी फोम' हा प्रकार १९६६ साली अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी, विमानातील आसनांकरिता शोधला गेला. तो अंगाच्या उबेने मऊ होतो आणि देहाचा आकार घेतो. मात्र वैशाखाच्या उकाड्यात तीच ऊब नकोशी होते. स्प्रिंगांच्या गादीत प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत असेल तर एकाने कूस बदलल्याने दुसऱ्याची झोप मोडत नाही.

एवढे ज्ञान मिळवून आम्ही पुन्हा बाजारात निघणार, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आपली जुनी गादी एकदा पिंजून तरी बघा." आमच्या लग्नातली ती जोडगादी. एके काळी माळव्याच्या रुईवर इंदुरात गिरण्या चालत. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि भोंग्यावर घड्याळे लावण्याचे दिवस संपले. पिंजारीही आता दारावर क्वचितच येतात. शोधाशोध करून एक म्हातारा पिंजारी आम्ही घरी आणला. अंगणात त्याने खोळ उसवली, रुई हातात घेऊन चुरली आणि म्हणाला, "रुई खराब नहीं है बाबूजी, दब गई है." मग एका बाजूचा मोठा गोळा बाहेर काढून त्याने विचारले, "इस तरफ कौन सोता है?"

तो गोळा ढेकळासारखा घट्ट झाला होता आणि नेमका कमरेच्या जागी होता. ती बाजू आमची नव्हती, सौभाग्यवतींची होती. त्याच काठावर बसून त्यांनी तीस-पस्तीस वर्षे कपड्यांच्या घड्या घातल्या, मुलांचे अभ्यास घेतले, आजारी सासूबाईंना औषधे दिली. आणि रात्री त्याच खळग्यात त्या निजल्या. पिंजारी गेल्यावर आम्ही विचारले, "अगं, तुझी पाठ कधी दुखते का?" वाटीतले शेंगदाणे सोलता सोलता त्या म्हणाल्या, "माझी? ती तर धाकट्याच्या बाळंतपणापासून दुखते. सकाळी भिंतीला हात लावल्याशिवाय उठता येत नाही." "मग बोलली का नाहीस?" "कोणी विचारलेच नाही."

वाचकहो, आमच्या पाठीसाठी सारे गाव गोळा झाले, फळी आली, महागडी गादी आली, परदेशातील परीक्षांचे दाखले आले. आणि हातभर अंतरावर निजलेल्या पाठीची आम्हाला वीस-पंचवीस वर्षांत वार्ता नव्हती. भिंतीवर पलंगाशेजारी एक मळकट डाग होता. दर दिवाळीला रंग देताना आम्ही त्यावर कुरकुर करीत असू. तो त्यांच्या हाताचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेही डॉक्टरकडे गेलो. मग जोडगादीच्या रुईच्या दोन स्वतंत्र गाद्या भरून घेतल्या. आमचा देह जड आणि आम्ही उताणे निजणारे, म्हणून आमची ठासून भरलेली; त्या अंगाने हलक्या आणि कुशीवर निजणाऱ्या, म्हणून त्यांची थोडी सैल, वर रबराच्या चिकाचा दोन इंची थर. खाली दोन्हींना सपाट आधार. ती 'ऑर्थोपेडिक' गादी बाहेरच्या खोलीत बैठकीला घातली. तेथे ती उत्तम शोभते.

आमच्या या खटाटोपातून जे व्यवहारी ज्ञान हाती आले ते थोडक्यात असे. गादी घेताना दुकानात संकोच न करता पंधरा मिनिटे आपल्या नेहमीच्या कुशीवर पडून पाहावे. दोघे निजणार असतील तर दोघांनीही. उताणे पडून कमरेखाली हात घालावा. तो मोकळाच खेळला तर गादी कडक; अंग रुतून कूस बदलता येईना तर ती मऊ. काही दिवस घरी वापरून परत करण्याची सोय आहे का, हे लेखी विचारावे. गादीच्या आधी पलंग पाहावा. झोळ पडलेल्या नवारीवर कोणतीही गादी झोळच धरते. उताणे निजताना गुडघ्यांखाली आणि कुशीवर निजताना गुडघ्यांमधे उशी घ्यावी. उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हातांच्या रेट्याने बसावे. रुईची गादी वर्षातून निदान दोनदा उन्हात टाकावी, अधूनमधून उलटसुलट करावी आणि गोळे होऊ लागले की पिंजून घ्यावी.

पण एक इशारा. पायातले बळ जात असेल, जांघेत बधिरपणा येत असेल, लघवी वा शौचावरचा ताबा सुटत असेल, तर गादीचा विचारही न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ताप असेल, वजन घटत असेल, पडण्याचे निमित्त झाले असेल किंवा रात्री कोणत्याच कुशीवर चैन पडत नसेल, तरीही चालढकल करू नये. गादी ही औषध नव्हे. ती फार तर चांगली शेजारीण आहे.

आज सहा महिने झाले. आमचे दुखणे बहुतांशी गेले; त्यात गादीचा वाटा किती, चालण्याचा किती आणि काळाचा किती, हे आम्ही सांगू शकत नाही. सौभाग्यवतींची पाठ इतक्या वर्षांची, ती सहा महिन्यांत सुटणारी नाही. पण त्या व्यायाम करतात आणि आता बहुतेक सकाळी भिंतीचा आधार न घेता उठतात. या दिवाळीला भिंतीला रंग दिला. तो डाग अद्याप परत उमटलेला नाही. आम्ही मात्र रोज सकाळी चहाआधी तेथे नजर टाकतो आणि विचारतो, "आज पाठ कशी आहे?"