54 सेकंदांचा प्रश्न आणि पिंपळीचा रस्ता

उजनी धरण कोणत्या नदीवर आहे? नीरा, भीमा, कऱ्हा की सीना?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला झोपेतून उठवून विचारा, डोळे न उघडता तो ‘भीमा’ म्हणेल. शिपाई भरतीची लेखी परीक्षा 100 गुणांची आणि वेळ 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणी वेळ खातात, म्हणून सामान्य ज्ञानाचं उत्तर पाच-दहा सेकंदांत टिकमार्क करून पुढे सरकायचं, असा सगळ्यांचा हिशेब. म्हणूनच सामान्य ज्ञानाचा तो जाडजूड ठोकळा, ते वनलायनर आणि ती घोकंपट्टी.

आता हा प्रश्न बारामती तालुक्यातल्या पिंपळीत उभं राहून वाचू. पर्यायांतल्या चार नद्यांपैकी तिघी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्याच! कऱ्हा बारामती शहरातून वाहते आणि सोनगावला नीरेला मिळते. नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला मिळते. भीमेवरच्या उजनीचं पाणी इंदापूर तालुक्यात पसरलंय. पिंपळीवरून बारामती–इंदापूर हा जो रस्ता जातो, तो आता राष्ट्रीय महामार्ग 965 जी, संत तुकाराम महाराज पालखी मार्ग. जेमतेम पन्नासेक किलोमीटरच्या या टापूत ठोकळ्याची कितीतरी पानं उघडी पडली आहेत.

सुरुवात गावालगतच्या नीरा डाव्या कालव्यापासून करू. वनलायनर असा: ‘भाटघर धरण, नदी वेळवंडी, जलाशय येसाजी कंक, जुनं नाव लॉईड धरण.’ चार तुकडे, चारही कोरडे. पण भाटघरचं पाणी नीरेत उतरतं, वीर धरणापाशी डाव्या कालव्याला लागतं आणि पुरंदर, बारामती करत इंदापूरपर्यंत येतं. बारामतीचा पाऊस वर्षाला सरासरी साधारण 500 मिलिमीटर. सह्याद्री ढग अडवून धरतो आणि त्याच्या पूर्वेचा हा भाग पर्जन्यछायेत येतो. भूगोलाच्या पुस्तकातला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणजे हीच जमीन. आणि तरी इथे नजर जाईल तिथवर ऊस!

या कोड्याच्या मुळाशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुष्काळाला तोंड देण्यासाठी खोदलेला हा कालवा आहे, आणि पुढे त्यावर काम केलेला एक माणूस. कालवा आला तशी ऊस लावायची चढाओढ लागली. एकाच जमिनीत वर्षानुवर्षं पाणी मुरलं की ती चोपण होते, पांढरं मीठ वर येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या एका अभियंत्याने यावर ‘ब्लॉक पद्धत’ आणली. जमिनीचे गट पाडायचे, एका वेळी गटाच्या साधारण एक-तृतीयांश भागातच ऊस, बाकी जमिनीत कमी पाण्याची पिकं, आणि उसाची जागा आळीपाळीने बदलायची. पाणी जास्त गावांना पोचतं आणि जमीनही वाचते. त्या अभियंत्याचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ‘अभियंता दिन कधी?’ याचं उत्तर 15 सप्टेंबर, ‘विश्वेश्वरय्यांना भारतरत्न कधी?’ याचं 1955, हे पोरांना पाठ असतं. ज्या कालव्यांवर त्यांनी ही पद्धत लावली, त्यांतल्याच एकाच्या कडेने आपण ग्राउंडची तयारी म्हणून 1600 मीटर धावतोय, हे किती जणांना ठाऊक असेल? मे 2025 च्या अखेरीस धो-धो पावसात हाच कालवा पिंपळी-लिमटेकजवळ फुटला आणि पाणी महामार्गावर आलं. चालू घडामोडींचं पान त्या दिवशी दाराशीच आलं होतं.

काटेवाडी आणि भवानीनगर मागे टाकून जंक्शन नावाच्या गावावरून आत वळलं की वालचंदनगर लागतं. ‘राष्ट्रीय सागरी दिन 5 एप्रिल’ या वनलायनरचा इथल्या उसाशी काय संबंध? गावाला ज्यांचं नाव आहे ते वालचंद हिराचंद, सोलापूरला 1882 मध्ये जन्मलेले. त्यांनी भागीदारांसह काढलेल्या सिंधिया कंपनीची ‘एस. एस. लॉयल्टी’ ही बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली. समुद्रावर ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी असताना भारतीय मालकीच्या बोटीने केलेलं हे धाडस. सागरी दिन त्याचाच. बंगळुरूला 1940 मध्ये विमानाचा कारखाना उभारणारेही हेच, आज त्याला आपण हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणतो. त्यांच्या वालचंदनगरात साखर कारखान्याची यंत्रं घडवता घडवता पुढे अग्निबाणांचे भाग घडू लागले. चांद्रयान-3 ला घेऊन गेलेल्या एलव्हीएम-3 च्या बूस्टरमध्येही इथल्या कामाचा वाटा आहे. सागरी दिन 5 एप्रिल, राष्ट्रीय अंतराळ दिन 23 ऑगस्ट. ठोकळ्यात या दोन तारखा वेगवेगळ्या पानांवर असतात, पण दोन्हींचे धागे इंदापूर तालुक्यातल्या एका गावात एकत्र येतात.

आणि आता उजनी. यशवंतसागर जलाशय, एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. कोयना सुमारे 105, जायकवाडी सुमारे 102. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सुमारे 2,831 कोटी. उन्हाळ्यात बातमी येते, ‘उजनी वजा 50 टक्क्यांवर.’ धरण शून्याच्या खाली कसं जाईल? मेख अशी की टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची, आणि तो आहे सुमारे 53.5 टीएमसी. त्याखालचा सुमारे 63.5 टीएमसी हा मृतसाठा. म्हणजे उजनीत ‘मेलेलं’ पाणी ‘जिवंत’ पाण्यापेक्षा जास्त! वजा 50 टक्के म्हणजे मृतसाठ्यातून जवळपास 27 टीएमसी कमी झालं, तरी धरणात 36 टीएमसीहून अधिक उरतं. पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी त्यांचा साठा होतो साधारण 29 टीएमसी. म्हणजे बातमीतलं ‘तळ गाठलेलं’ उजनी पुण्याच्या चार भरलेल्या धरणांपेक्षा मोठं! त्या दिवसांत पळसदेवचं एरवी बुडालेलं पळसनाथाचं प्राचीन मंदिरही पाण्याबाहेर येतं. हा हिशेब कागदावर एकदा स्वतः मांडून पाहिला की उजनीची नदी, जलाशय आणि साठा पुन्हा घोकायला लागत नाही.

हे असं का होतं, याचा शोध जगाने घेतला आहे. लंडनमध्ये एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये स्मरणशक्तीच्या जागतिक स्पर्धा गाजवणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यांची बुद्धी काही अचाट नव्हती, मेंदूची घडणही वेगळी नव्हती. पाठ करताना मात्र त्यांच्या मेंदूतले वाटा आणि जागा लक्षात ठेवणारे भाग जास्त काम करत होते, कारण बहुतेक जण ओळखीच्या रस्त्यावर एकेक गोष्ट ठेवत मनातल्या मनात चालत जात. ही युक्ती प्राचीन ग्रीकांपासूनची. पिंपळीच्या मुलाला असा रस्ता मनात रचायला नको, तो त्याच्या पायाखालीच आहे. कऱ्हेवर आचार्य अत्रे (‘कऱ्हेचे पाणी’ कोणाचं आत्मचरित्र?), बारामतीत केकावलीकार मोरोपंत, माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था, इंदापुरात तिथल्या लढाईत पडलेले शिवरायांचे आजोबा मालोजीराजे.

दुसरा धडा अमेरिकेतला. रोएडिगर आणि कार्पिके यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन गटांची तुलना केली. एकाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना सहज मागे टाकलं. ठोकळा सलग वाचताना ‘सगळं येतंय’ असं वाटतं आणि परीक्षेत दोन पर्यायांत घोटाळा होतो, त्याचं कारण हे. रूमवर दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारत बसणं हा टाइमपास नाही, अभ्यासाचा तो सगळ्यात पक्का भाग आहे.

आता राहिला प्रश्न शिपायाला हे सगळं हवं कशाला. भीमा भीमाशंकरला उगवते. अरबी समुद्र तिथून शंभर किलोमीटरही नाही, पण ती पाठ फिरवून 861 किलोमीटर जाते, कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. वाटेत नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते आणि त्याखाली पंढरपूर. म्हणून पावसाळ्यात पंढरपूरचा पूर एकट्या उजनीवर ठरत नाही, नीरेवरच्या वीर धरणातून किती विसर्ग चाललाय तेही पाहावं लागतं. आषाढीचा बंदोबस्त असो की पुराच्या रात्री नदीकाठची वस्ती हलवणं असो, तिथे उभा असतो तो शिपाईच. ‘नीरा–भीमा संगम कोठे?’ हा कागदावर एका गुणाचा प्रश्न. वर्दी चढल्यावर त्याच उत्तरावरून कळतं की वीरमधून सोडलेलं पाणी आपल्या घाटावर येणार आहे, आणि माणसं हलवायला अजून थोडे तास हातात आहेत.