बाई, शाळा कुठंय?

नोकरीत होते तेव्हा दर ३ जानेवारीला, बालिका दिनाला, मी पाचवीच्या मुलींची रांग करून भिडेवाड्यासमोर न्यायची. पुण्यात बुधवार पेठ, दगडूशेठ गणपतीसमोर. हार-नारळवाल्यांची गर्दी, रिक्षांचे हॉर्न, आणि त्यात मी घसा ताणून सांगतेय, "१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी इथं मुलींची शाळा काढली. जागा तात्यासाहेब भिड्यांनी दिली." मुली माना वर करायच्या. खाली दुकानांच्या पाट्या, वर मोडकळीला आलेला मजला. एका वर्षी एकीनं विचारलंच, "बाई, पण शाळा कुठंय?"

काय दाखवणार? वर जायची सोयच नव्हती.

महापालिकेनं इथं राष्ट्रीय स्मारक करायचा ठराव २००६ साली केला होता. ठराव झाला की काम झालं, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. शाळेत पेढेसुद्धा वाटले आम्ही. पण वाडा पालिकेचा नव्हता. खासगी जागा घ्यायची म्हणजे भूसंपादन आलं. नोटिसा, हरकती, मोबदला आला. त्यात पेठेतल्या वाड्यांचं गणित तुम्हाला ठाऊकच असेल. मालक एक, भाडेकरू अनेक आणि भाडं आजोबांच्या काळातलं. मालक डागडुजी करत नाही, कारण त्या भाड्यात कौलंही येत नाहीत. भाडेकरू करत नाही, कारण वाडा त्याचा नाही. पालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, पण ताबा नसलेल्या घराची तुळई ती कशाला बदलेल?

दुकानदार कोर्टात गेले. त्यांना मी नावं ठेवणार नाही. गणपतीसमोरचा गाळा हसत हसत कोण सोडेल?

ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांची याचिका फेटाळली, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नाही. ४ डिसेंबरच्या रात्री पालिकेनं पोलीस बंदोबस्तात ताबा घेतला आणि वाडा पाडला. ठरावाला तोवर १७ वर्षं झाली होती. सावित्रीबाई इथं फळ्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचं वय साधारण तेवढंच होतं.

आणखी एक गोष्ट. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे ठराव केला तो लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहानं, आणि वाडा पडला त्या रात्री पालिकेत एकही नगरसेवक नव्हता. पाडायचा की काही भाग राखायचा, यावर सभागृहात दोन तास भांडण तरी व्हायला हवं होतं. पुण्यात भांडणाशिवाय झालेलं काम मला अजूनही संशयास्पद वाटतं.

पाडणं चुकलं, असं मात्र मी म्हणत नाही. २०२३ मध्ये राखण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. कोर्टात तारखा पडत होत्या तेव्हा टेकू द्यायला हवे होते. मालकी कुणाची हे ठरेपर्यंत छप्पर वाचवायला कुणाची हरकत असती? खटला आणि पाऊस दोन्ही चालू राहिले आणि त्यात पाऊस जिंकला.

इथून पायी काही मिनिटांवर विश्रामबागवाडा आहे. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी इंग्रज सरकारनं तिथं मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांना शालजोडी दिली, स्त्रीशिक्षणाच्या कामाबद्दल. तो वाडा उभा आहे, कारण तो पालिकेच्या ताब्यात आहे. सत्कार झाला ती जागा राहिली, शाळा भरली ती गेली.

२९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते, दूरदृश्य प्रणालीनं, स्मारकाची पायाभरणी झाली. आता नवी इमारत होईल. संगमरवर असेल, पुतळे असतील, उद्घाटनाची पाटी तर असेलच. माझं मागणं छोटं आहे. त्यात एक खोली वर्गाची असावी. बाकं नकोत, मुलींना जमिनीवरच बसू दे. समोर फळा असावा आणि हाताशी खडू. बाहेर "हात लावू नये" अशी पाटी नको.

आणि तिथवर जाणारा जिना असा असावा, की पाचवीतल्या चाळीस मुली एका दमात वर चढतील.