पडद्यावरील खेळ आणि त्यांची पारख

खेळण्याची हौस नाही असे मूल अद्याप जन्मास यावयाचे आहे. आपल्या आज्या-पणज्या सागरगोटे व काचापाणी खेळल्या, श्रावणात त्यांनी फुगड्या घातल्या. वडीलधाऱ्यांनी विटीदांडूपायी शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली. आज विद्यानगरातील एखाद्या घरी सायंकाळी डोकावले, तर तेच मूल मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यात मान घालून बसलेले आढळते. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, "अरे, पुरे झाले आता!" आणि उत्तर येते, "आई, फक्त पाच मिनिटं!" ती पाच मिनिटे किती लांबतात, हे घरोघरी ठाऊक आहे.

या नित्याच्या वादात एक गोष्ट मात्र नजरेआड होते. 'व्हिडिओ गेम' हा एकच शब्द उच्चारून आपण सर्व खेळ एका पारड्यात टाकतो. पुस्तकांच्या बाबतीत आपण असे करीत नाही. पंचांग, रहस्यकथा, चरित्र आणि काव्यसंग्रह ही सारी पुस्तकेच. परंतु त्यांचे मोल निरनिराळे, हे आपण जाणतो. खेळांच्या बाबतीतही असाच विवेक बाळगावा, म्हणून अलीकडच्या वर्षांतील निरनिराळ्या जातींच्या काही खेळांचा येथे परिचय करून देत आहे. विद्यार्थी मित्रहो, परीक्षणाची कसोटी अगदी साधी ठेवली आहे : खेळ आपणांकडून काय मागतो, आणि आपण उठतो तेव्हा आपल्या पदरात काय टाकतो?

ही कसोटी आपल्या परंपरेला नवीन नाही. ज्याला आपण सापशिडी म्हणतो, त्याचे मूळ रूप म्हणजे 'मोक्षपट'. त्यातील शिड्या सद्गुणांच्या व साप दुर्गुणांचे असत. खेळता खेळता मुलाच्या मनावर काहीतरी ठसावे, ही त्यामागची दृष्टी होती. पडद्यावरील खेळांचा जन्म त्या मानाने अगदी कालचा. 1958 साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम या पदार्थविज्ञानज्ञाने, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून, विद्युत्‌लहरी दाखविणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. प्रकाशाचा एक ठिपका जाळ्यावरून इकडून तिकडे जाई, इतकेच. पण तो खेळण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. त्या ठिपक्याचा आज केवढा वृक्ष झाला आहे!

प्रथम साहसकथांचा वर्ग पाहू. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने 2020 साली 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधार्थ निघते. दुर्गा व विष्णू वरून हे सारे पाहत असून, त्यांच्याच संवादांतून कथा उलगडते. राजस्थानी धाटणीचे महाल, भिंतींवरील चित्रे आणि छायाबाहुल्यांच्या आधारे सांगितलेले प्रसंग यांनी डोळ्यांचे पारणे फिटते. या मंडळींचा लोकवर्गणीने भांडवल उभारण्याचा प्रयत्न फसला होता. तरीही त्यांनी जिद्द सोडली नाही, आणि पदार्पणातील उत्कृष्ट खेळासाठीच्या एका आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या नामांकनापर्यंत हा खेळ पोहोचला. दोष सांगावयाचा तर, द्वंद्वे काही ठिकाणी एकसुरी होतात आणि कथा ऐन रंगात आली असता एकाएकी संपते. तरी सुटीतील दोन-तीन दिवस मागून तो एक पूर्ण अनुभव देतो व आपणांस मोकळे करतो.

याच्या शेजारी आपल्या हैदराबादचा 'असुरा' ठेवावा. 'ओगर हेड स्टुडिओ'चा हा खेळ 2017 सालचा. येथे खेळाडू स्वतःच असुराच्या भूमिकेत असतो. प्रत्येक वेळी मरण आले की आरंभापासून सुरुवात करावी लागते, आणि पुढील खेपेस भुयारांची रचना बदललेली असते. कारण ती कोणी चित्रकाराने एकदाच काढून ठेवलेली नसून संगणक नियमांच्या आधारे दर वेळी नव्याने मांडतो. त्यामुळे पाठांतर कामास येत नाही, प्रसंगावधानच लागते. मात्र रक्तपात पुष्कळ असल्याने हा खेळ लहानांच्या हाती देण्याजोगा नाही.

मैदानी खेळांच्या जातीतही आपले शहर मागे नाही. 'हिटविकेट' हा क्रिकेटचा खेळ हैदराबादेतच तयार झाला व 2020 साली केंद्र सरकारच्या आत्मनिर्भर भारत अ‍ॅप स्पर्धेत खेळांच्या विभागात विजयी ठरला. त्यात बोटांच्या चपळाईपेक्षा डावपेचांना महत्त्व आहे. कोणास संघात घ्यावे, कोणास कितव्या क्रमांकावर धाडावे, चेंडू कोणाच्या हाती द्यावा, हे कर्णधाराचे विचार येथे करावे लागतात. क्रिकेटची जाण वाढावयास तो उपयोगी आहे. परंतु मैदानावरील घाम काही तो देऊ शकत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

पटावरील खेळांत नवी मुंबईच्या 'गेमेशन' संस्थेचा 'लुडो किंग' सर्वांना परिचित आहे. आपली पच्चिशी इंग्रजांनी उचलली, 1896 साली तिचे 'लुडो' या नावाने इंग्लंडात पेटंट घेतले, आणि 2016 साली तीच पच्चिशी मोबाइलवर स्वदेशी परतली! 2020 च्या टाळेबंदीत हैदराबादची नात आणि पुण्याची आजी याच पटावर भेटत होत्या. खेळात बुद्धीपेक्षा दानाचा भाग अधिक आणि मध्येमध्ये जाहिरातींचा उपद्रव आहे. पण माणसे जोडण्याचा गुण त्यात निश्चित आहे.

रणांगणाच्या जातीचा प्रतिनिधी म्हणून पुण्याच्या 'सुपरगेमिंग'चा 'इंडस' घेता येईल. तो ऑक्टोबर 2024 मध्ये आला. अनेक खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. भविष्यकाळाची कल्पना भारतीय वेशभूषेत व वास्तुशैलीत रंगविली आहे, हे त्याचे वैशिष्ट्य. परंतु या जातीच्या खेळांना शेवट असा नसतोच. एक डाव संपला की दुसरा खुणावतो. मध्येच उठावे तर सोबत्यांची निराशा होते. आईची हाक आणि "पाच मिनिटं" यांचा झगडा बहुधा येथेच जुंपतो. म्हणून डाव किती, हे बसण्यापूर्वीच ठरवावे.

कोड्यांच्या जातीत 2023 साली फ्रान्समध्ये तयार झालेला 'चँट्स ऑफ सेन्नार' प्रस्तुत लेखकास फार आवडला. एका उत्तुंग मनोऱ्यात पाच जमाती राहतात आणि एकीची भाषा दुसरीस कळत नाही. पाट्या, हावभाव व प्रसंग यांवरून चिन्हांचे अर्थ ताडावयाचे आणि वहीत टिपावयाचे. अखेर परस्परांचे बोलणे एकमेकांना समजावून द्यावयाचे. विद्यानगरहून चारमिनारकडे जाताना तेलुगू, उर्दू, हिंदी व इंग्रजी पाट्या वाचीत जाणाऱ्या आपल्या मुलांना या खेळाची गोडी निराळी सांगावयास नको. दुभाष्याचे काम किती मोठे, हे तो एकही उपदेश न करता शिकवितो.

शेवटी कथाप्रधान खेळ : 'वेन्बा'. कॅनडातील टोरोंटो येथे तयार झालेल्या या खेळास 2024 साली बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार लाभला. तो दीड-दोन तासांत संपतो. एक तमिळ जोडपे 1980 नंतरच्या दशकात कॅनडात जाते. वेन्बाजवळ आईची पाककृतींची वही आहे. पण तिची पाने फाटलेली, अक्षरे पुसट. गाळलेला भाग तर्काने भरून इडली करावयाची, म्हणजे पात्रातील ताटल्या कोणत्या क्रमाने रचावयाच्या इथपासून विचार करावयाचा! पुढे मुलगा कविन मोठा होतो. घरची भाषा त्याला परकी वाटू लागते. आणि एके दिवशी आईची वही हाती घेऊन तो स्वयंपाकास उभा राहतो, तेव्हा त्यातील काही शब्द त्याला वाचताच येत नाहीत.

मित्रहो, हा प्रसंग केवळ टोरोंटोचा नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत राहिलो. बाहेर तेलुगू व दखनी, शाळा-कचेरीत इंग्रजी आणि घरात मराठी असा आपला संसार आहे. आजीच्या वहीतील 'भाजणी', 'मेतकूट', 'मुटके' हे शब्द आपल्यापैकी किती जण अडखळल्यावाचून वाचतील? एका खेळाने हा प्रश्न आपणांस विचारावा, यातच त्या कलेचे सामर्थ्य आहे.

येथवर खेळ झाले. आता एक इशारा. काही खेळ वेळ मागतात, काही बुद्धी मागतात. पण काही केवळ पैसा मागतात. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, तर कबूतर चोच मारीतच राहते, असे त्यास आढळले. आत काय निघेल हे न सांगता पैसे देऊन उघडावयाच्या पेट्या काही खेळांत असतात, त्यांचे मर्म हेच आहे. बेल्जियमने 2018 साली अशा पेट्या जुगारात गणल्या. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर तेलंगणाने 2017 सालीच बंदी घातली. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने अशा खेळांना व त्यांच्या जाहिरातींना देशभर मनाई केली. यामागे अनेक कुटुंबांची वाताहत आहे. म्हणून घरातील बँकेचा सांकेतिक क्रमांक मागणारा खेळ दिसताच, तो खाली ठेवून वडिलांना सांगावे. यात भित्रेपणा नाही, शहाणपण आहे. पालकांनीही खेळाच्या वेष्टनावरील किंवा माहितीच्या पानावरील वयाचा आकडा पाहिल्यावाचून तो मुलांच्या हाती देऊ नये. युरोपीय पद्धतीत हे आकडे 3, 7, 12, 16 व 18 असे असतात.

तात्पर्य, खेळ सरसकट त्याज्य नाहीत आणि सरसकट ग्राह्यही नाहीत. ज्या खेळावरून उठताना मन ताजे होते, ज्याविषयी घरच्यांशी चार शब्द बोलावेसे वाटतात, तो चांगला. ज्यावरून उठताना चिडचिड होते आणि जो लपवून खेळावा लागतो, तो टाकावा. ही पारख दुसऱ्या कोणी करण्यापेक्षा आपली आपणच करावी.

आणि एक अपेक्षा. पुण्यातील व आपल्याच शहरातील तरुणांनी खेळ घडविले. तमिळ तरुणांनी आपल्या आईची वही जगापुढे ठेवली. हैदराबादेतील मराठी घराची कथा मात्र अजून कोणीतरी सांगावयाची आहे. त्यासाठी गणित हवे, चित्रकला हवी, संगीत हवे आणि मुख्य म्हणजे ती कथा ठाऊक हवी. तेव्हा आज सायंकाळी मोबाइल क्षणभर बाजूस ठेवून आजीजवळ बसा आणि तिची वही उघडा. न समजणारा पहिला शब्द तिलाच विचारा.