टाचेमागील गाठ आणि मेंदूचा विकार

स्मृतिभ्रंश हा म्हातारपणाचा विकार होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे व ती बहुतांशी खरीही आहे. परंतु क्वचित तिशी-चाळिशीतच एखाद्याची स्मरणशक्ती व विवेक ढासळू लागतो. अशा वेळी आनुवंशिक कारणांचा शोध घ्यावा लागतो. या कारणांपैकी बहुतेकांवर रोग थांबविणारा उपाय आज नाही. म्हणूनच ज्या थोड्यांवर तो आहे ती नजरेतून निसटू न देणे, हे निदानाचे पहिले काम ठरते.

सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस असे अवघड नाव असलेला विकार या थोड्यांपैकी एक आहे. बेल्जियममधील लूडो व्हान बोगार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली त्याचे वर्णन केले. आपले यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. या कामी लागणारे एक एन्झाइम ज्या जनुकामुळे घडते, त्याच्या आईकडून व वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती सदोष असल्या, तर ते काम अडते आणि कोलेस्टॅनॉल नावाचा मेदसदृश पदार्थ वाढून मेंदूत, डोळ्यांच्या भिंगांत व कंडरांत साचत जातो. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी.

रोगाच्या खुणा वर्षानुवर्षांच्या अंतराने उमटतात. तान्हेपणी न थांबणारे जुलाब, शाळकरी वयात मोतीबिंदू, पुढे टाचेमागील कंडरेवर गाठ, मग अडखळती चाल आणि शेवटी बुद्धिमांद्य. जुलाबांवर एक वैद्य औषध देतो, मोतीबिंदू दुसरा काढतो, गाठ तिसऱ्याकडे जाते. या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर कोणी मांडीत नाही. शिवाय रक्तातील कोलेस्टेरॉल पुष्कळदा प्रमाणातच आढळते, आणि आईवडील निरोगी असल्यामुळे हा घराण्यातील रोग असेल अशी शंकाही येत नाही. गाठ प्रत्येक रुग्णास येतेच असेही नाही. म्हणून तरुण वयातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास त्याच्या बालपणाविषयी विचारले पाहिजे, आणि पायमोजे उतरवून टाचाही पाहिल्या पाहिजेत. संशय आल्यास रक्तातील कोलेस्टॅनॉल मोजतात व जनुकाची तपासणी करून निदान पक्के करतात.

उपाय साधा आहे. कमी पडणारे कीनोडीऑक्सिकोलिक आम्ल हे पित्ताम्ल तोंडावाटे दिले असता कोलेस्टॅनॉलची निर्मिती मंदावते. याचे उत्साहवर्धक निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. मात्र मेंदूची झालेली हानी पूर्णपणे भरून येत नाही. उपचार जितका लवकर, तितका लाभ अधिक.

हंटिंग्टन रोगासारख्या विकारात निरोगी नातेवाइकाने तपासणी करून घ्यावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न असतो, कारण पुढे उपाय नाही. येथे स्थिती निराळी आहे. रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडास हा रोग असण्याचा संभव चारांत एक इतका असतो. तेव्हा त्यांस काही त्रास नसला तरी त्यांची तपासणी लगेच करावी.