शर्यत कोणाच्या पैशावर धावते?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. ‘मोटोजीपी’ ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत या घरांना टीव्हीपुरतीच ठाऊक. पण तिथल्या एका संघाची नाडी आता याच कंपनीच्या हाती आहे.

तो संघ केटीएमचा. या ऑस्ट्रियन कंपनीत बजाजने २००७ मध्ये १४.५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढे तो वाढवत नेला. लहान इंजिनांच्या केटीएम चाकणला बनू लागल्या. केटीएमला कमी खर्चाचे उत्पादन मिळाले, बजाजला नामांकित गाडी. २०१७ मध्ये केटीएम मोटोजीपीत उतरली, २०२० मध्ये ब्रनोला पहिल्यांदा जिंकली.

निर्माता शर्यतीत उतरतो तो गाड्या विकण्यासाठी. म्हणून संघाचे आयुष्य विजयावर नव्हे, ताळेबंदावर ठरते. सुझुकीच्या स्वाराने २०२० मध्ये विश्वविजेतेपद मिळवले. तरीही २०२२ अखेर सुझुकीने गाशा गुंडाळला.

केटीएमवर ती वेळ नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. विकल्या न गेलेल्या गाड्यांनी गोदामे भरली, कर्ज डोईजड झाले आणि कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. मोटोजीपीतून बाहेर पडण्याचा विचारही पुनर्रचनेच्या कागदांत आला. २०१९ पासून टेक-थ्री हा दुसरा संघही केटीएमच्याच गाड्या चालवतो. म्हणजे एका निर्णयाने बावीसपैकी चार गाड्या मैदानातून गेल्या असत्या. त्या निर्णयात ना स्वाराला मत होते, ना टेक-थ्रीला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये धनको ३० टक्के रकमेवर राजी झाले. बजाजने एकूण ८० कोटी युरो उभे केले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचा ताबा घेतला. संघ धावत राहिला. पण शर्यतीवर किती खर्च करायचा, या प्रश्नाचे शेवटचे उत्तर आता आकुर्डीत ठरणार.

यात अभिमान वाटण्याजोगे आहेच, पण जबाबदारीही आहे. शर्यतीत उधळलेला पैसा शेवटी कारखान्यातूनच येतो. शर्यत बंद केली, तर ज्या नावासाठी एवढे पैसे मोजले त्याचीच झळाळी उतरते. युरोपातल्या मालकांना वर्षानुवर्षे पडलेला हा पेच आता मराठी मुलखातल्या कंपनीच्या दारात आला आहे. तो कसा सुटतो, हे निकालपत्रकाआधी ताळेबंदात दिसेल.