दसऱ्याचा झेंडू आणि घरचं बी

आज आपण झेंडूबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, झेंडूचं काय सांगायचं? तो तर उकिरड्यावरही उगवतो. उगवतो, हे खरं आहे. पण आपल्याला हवा त्या दिवशी, हवा तसा फुलतो का? आपल्या गटातल्या बायकांची तक्रार नेमकी तिथेच असते. दसरा उलटून गेल्यावर झाड फुलांनी भरतं आणि मग त्या फुलांना कुणी विचारत नाही. नाहीतर गेल्या वर्षी टपोरं फूल देणाऱ्या झाडाचं बी यंदा लावलं, तर चार पाकळ्यांची बारकी फुलं येतात.

या दोन्ही गोष्टी नशिबाच्या नाहीत. पहिली दिवस मोजण्याची आहे आणि दुसरी बी ओळखण्याची. एवढं जमलं तर चार-पाच फुटांच्या वाफ्यात तोरणापुरती फुलं घरचीच होतात, आणि पुढच्या वर्षी बी विकत आणावं लागत नाही.

दिवस उलटे मोजायचे

दसऱ्याची तारीख दरवर्षी सरकते. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता, २०२६ साली तो २० ऑक्टोबरला आहे. म्हणजे अठरा दिवसांचा फरक. "गेल्या वर्षी अमुक तारखेला पेरलं होतं, यंदाही तेव्हाच पेरू," असं म्हटलं तर गणित चुकणारच. म्हणून पेरणीची तारीख दसऱ्यापासून मागे मोजून ठरवायची.

आपल्याकडच्या उंच, गोंडेदार झेंडूचा हिशेब साधारण असा: बी टाकल्यापासून रोप लावणीला येईपर्यंत २५ दिवस. लावणीपासून पहिलं फूल उमलेपर्यंत ५५ ते ६० दिवस. शेंडा खुडला तर आणखी ८ ते १० दिवस. आणि पहिल्या फुलानंतर झाड चांगलं भरायला आठवडाभर. सगळे मिळून १०० दिवस धरा. २० ऑक्टोबरपासून १०० दिवस मागे गेलं की १२ जुलै येतो. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणून दिवाळीच्या फुलांसाठी दुसरी पेरणी ३१ जुलैच्या सुमारास करायची. एकदाच सगळं बी टाकण्यापेक्षा असे दोन हप्ते केले तर दोन्ही सण साधतात.

बुटक्या, गेंदेवजा छोट्या फुलांचा झेंडू याच्या दोन-तीन आठवडे आधी फुलतो. तो असेल तर पेरणी तेवढी पुढे ढकला. काही सुधारित वाणांना मात्र १०० पेक्षा जास्त दिवस लागतात, म्हणून विकतचं पाकीट असेल तर त्यावर लिहिलेले दिवस आधी वाचून घ्या.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. उंच झेंडूला दिवस लहान होत गेले की फुलायची घाई होते. त्यामुळे उशिरा पेरलेलं झाड लहान असतानाच फुलावर येतं आणि फुलं कमी देतं. पेरणीला उशीर झालाच, तर रोपं जरा जवळ लावा आणि शेंडा खुडू नका.

रोप तयार करताना

झेंडूचं बी म्हणजे काळी, सुईसारखी काडी आणि तिच्या टोकाला फिकट कुंचा. एक भाग माती, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत आणि एक भाग वाळू असं मिसळून पसरट पाटीत भरा. पाटीला खाली भोकं हवीतच. बोटभर अंतरावर रेघा ओढून बी आडवं टाका आणि वर मातीचा पातळ थर द्या. बी झाकलं जाईल एवढीच माती पुरे. खोल गेलेलं बी वर येत नाही. चार ते सात दिवसांत उगवण होते.

जुलैत आपल्याकडे पाऊस असतो, आणि रोपांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. सतत ओल राहिली की कोवळं रोप मातीलगत बारीक होतं आणि आडवं पडतं. एक रोप पडलं की शेजारची चारही पडतात. म्हणून पाटी वळचणीला ठेवा, पण सावलीत कोंडू नका, उजेड आणि वारा हवा. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको. रोपं दाट झाली असतील तर विरळ करा.

रोपाला चार-पाच पानं आली की ते लावणीला तयार झालं. लावणी दुपार कलल्यावर करा. उंच झेंडूच्या दोन झाडांत दीड फूट आणि बुटक्याच्या दोन झाडांत फूटभर अंतर ठेवा. जागा अशी निवडा की दिवसातून सहा तास तरी ऊन मिळेल आणि पाणी साचणार नाही. आपल्या काळ्या जमिनीत तर वाफा वीतभर उंच करूनच लावा. खत शेणखताचंच पुरे. युरियाची मूठ पडली की झाड हिरवंगार माजतं आणि फुलं लांबतात.

लावणीनंतर तीनेक आठवड्यांनी, झाड वीतभर झालं की मधला शेंडा नखाने खुडा. खुडताना जीवावर येतं, पण एका शेंड्याच्या जागी सहा-आठ फुटवे येतात आणि प्रत्येक फुटव्याला फुलं लागतात. त्याच वेळी बुडाला मातीची भर द्या, म्हणजे पावसा-वाऱ्यात झाड कलंडत नाही.

परसबागेत टोमॅटो असतील तर काही रोपं त्यांच्या कडेने लावा. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्या-फुलांकडे ओढला जातो आणि तिथे अंडी घालतो. शेतकरी टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतात, ती यासाठीच. पण झेंडूवरच्या अळ्या आपण रोज वेचून मारल्या तरच उपयोग. नाहीतर आपणच अळी पोसल्यासारखं होतं.

कोणतं बी ठेवायचं, कोणतं नाही

आता बियाण्याकडे येऊ. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असं लिहिलं असेल तर त्या झाडाचं बी पुढच्या वर्षासाठी धरू नका. दोन वेगळ्या जातींचा संकर करून ते बी तयार केलेलं असतं. पहिल्या वर्षी सगळी झाडं सारखी आणि फुलं टपोरी येतात. त्यांचं बी लावलं की मात्र आजी-आजोबांचे गुण विखरून बाहेर पडतात: एक झाड उंच, एक बुटकं, एकाची फुलं भरलेली, दुसऱ्याची एकेरी. उंच आणि बुटक्या झेंडूचा संकर असेल तर बीच धरत नाही. याचा अर्थ संकरित बी वाईट असा नाही. बाजारात विकायला एकसारखा माल हवा असेल तर ते घ्यावं, फक्त दरवर्षी विकत घ्यावं लागेल हे धरून चालावं.

गावठी झेंडू किंवा 'पुसा नारंगी गेंदा'सारखा सरळ वाण असेल तर त्याचं बी घरी ठेवता येतं.

आपल्याकडे दसऱ्याचं तोरण वाळलं की चुरगाळून परसात टाकायची रीत आहे. त्यातून काही रोपं उगवतातही. पण तोरणातलं फूल बी भरण्याआधीच तोडलेलं असतं, आणि विकतचं असेल तर ते कोणत्या जातीचं हे आपल्याला ठाऊक नसतं. त्यावर पुढचा हंगाम सोपवू नये.

बियांसाठी झाड निवडायचं ते ऐन बहरात. हंगाम संपताना झाडावर उरलेली फुलं ही सगळ्यात दुबळी असतात, त्यांचं बी धरलं तर पुढची पिढीही तशीच निघते. ज्या झाडाला रोग नाही, फुलं भरपूर आणि गच्च भरलेली आहेत, अशा चार-पाच झाडांना लाल दोरा बांधा. प्रत्येकावरची पाच-सहा उत्तम फुलं तोडायची नाहीत, सणाला कितीही कमी पडली तरी. एकेरी फुलांची झाडं वाफ्यातून उपटून टाका, कारण मधमाश्या त्यांचे पराग चांगल्या झाडांवर नेतात.

राखलेलं फूल वाळून त्याचं देठ आणि खालची हिरवी वाटी तपकिरी झाली की कोरड्या दिवशी, दव उडाल्यावर तोडा. आठवडाभर सावलीत सुकवा. मग बी मोकळं करा. काळं, टणक बी ठेवा. पांढुरकं, चपटं बी पोकळ असतं, ते फेकून द्या. कागदाच्या पुडीत बांधून, तळाला कोरडी राख घातलेल्या बरणीत ठेवा. पुडीवर रंग, वाण आणि महिना लिहा. हे बी पुढच्याच हंगामात वापरा, दुसऱ्या वर्षी उगवण घटते.

पेरणीआधी परीक्षा घ्या. २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवड्यात १४ किंवा जास्त उगवल्या तर बी चांगलं. १० उगवल्या तर दुप्पट पेरा. त्याहून कमी असतील तर शेजारणीकडून बी मागून घ्या, त्यात कमीपणा नाही.

आम्ही आमच्या गटात यासाठी एक नियम ठेवला आहे. बचतीच्या वहीबरोबर बियांचीही वही असते. ज्या ताईला बी हवं, तिने एक पुडी न्यायची आणि हंगाम संपला की दोन पुड्या परत करायच्या. पैसा मध्ये येत नाही. एखादीची रोपं पावसाने गेली तरी बी गटात शिल्लक असतं. विधवा बहिणी, नव्याने नांदायला आलेल्या सुना, ज्यांच्या हाती स्वतःचे पैसे नसतात, त्यांनाही वाफा सुरू करता येतो. आणि दसऱ्याच्या सकाळी दोन टोपल्या फुलं विकून आलेले पैसे तिचे स्वतःचे असतात.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदाचं पंचांग काढा, दसऱ्याच्या तारखेवर बोट ठेवा आणि १०० दिवस मागे या. जो दिवस येईल त्यावर खूण करा. पाटी, माती आणि बी त्याच्या आदल्या दिवशीच तयार ठेवा.